एसईसी की बिग टेन : नावाचं वजन कुणाचं जास्त?

मुलगा पर्ड्यूला शिकतो. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये आमची बिग टेन, म्हणजे मूळची उत्तरेकडच्या विद्यापीठांची कॉन्फरन्स (संघांचा गट), हीच सगळ्यात मोठी, असं तो ठासून सांगतो. अटलांटातले माझे दीर म्हणतात, दक्षिणेतल्या एसईसी कॉन्फरन्सपुढे कुणी टिकत नाही. खरं कोणाचं? (पुणे)

पैशाच्या बाबतीत मुलाचं म्हणणं खोटं नाही. २०२२ मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या टीव्ही कंपन्यांशी सामने दाखवण्याचा ७ वर्षांचा, ७ अब्ज डॉलरहून मोठा करार केला. मैदानावरही जानेवारी २०२४ मध्ये मिशिगन आणि जानेवारी २०२५ मध्ये ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेते ठरले.

नावाचं वजन मात्र मी एसईसीच्याच पारड्यात टाकेन. २००६ ते २०१२ या सलग ७ हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद एसईसीकडे राहिलं, आणि तेही चार वेगवेगळ्या संघांनी मिळवलं. तिथले प्रेक्षक बाहेरच्या संघाला हरवलं की ‘एस-ई-सी! एस-ई-सी!’ असा घोष करतात, म्हणजे विद्यापीठाच्या नव्हे, कॉन्फरन्सच्या नावाचा. ओहायो स्टेट जिंकली म्हणून मिशिगनचा माणूस बिग टेनचा जयजयकार करेल, हे मला शक्यच वाटत नाही.

याची मुळं भूगोलात आहेत. शिकागो, डेट्रॉइट, ग्रीन बे इथे व्यावसायिक संघ शंभर वर्षांपूर्वीच्या आसपास रुजले. दक्षिणेत अटलांटाला संघ मिळाला तो १९६६ साली, न्यू ऑर्लिन्सला १९६७ साली. अलाबामा, मिसिसिपी आणि आर्कान्सा या राज्यांत तर आजही एनएफएलचा, म्हणजे मुख्य व्यावसायिक लीगचा, संघ नाही. तिथे शनिवारचा कॉलेजचा सामना हाच गावाचा सामना.

मग बिग टेनने रटगर्ससारखा दुबळा संघ २०१४ मध्ये कशाला घेतला? (न्यू जर्सी)

तुमच्या घरच्या केबलच्या बिलासाठी. बिग टेनने २००७ मध्ये स्वतःची वाहिनी काढली. न्यूयॉर्कच्या आसपासच्या घरांमध्ये ती पोचवून केबलच्या बिलातून पैसे मिळवायचे तर तिथलं एखादं विद्यापीठ हवं होतं. (कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना १८६९ मध्ये रटगर्सनेच प्रिन्स्टनविरुद्ध जिंकला होता. या इतिहासाचा मान राखला जावा, असं मला मनापासून वाटतं.)

पश्चिमेकडची पॅक-१२ कॉन्फरन्स एवढी जुनी, तरी का फुटली? (सॅन होजे)

तिने आपली वाहिनी एकटीच्या मालकीची ठेवली आणि ती पुरेशा घरांत पोचलीच नाही. २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बाहेर पडायचं ठरवलं, म्हणजे ते शहरच हातचं गेलं. ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी आणखी पाच विद्यापीठांनी काढता पाय घेतला. मोठी नावं निघून गेल्यावर कॉन्फरन्सच्या नावाला भाव उरला नाही.

२०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट १३ पैकी १३ सामने जिंकूनही प्लेऑफबाहेर (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीबाहेर). हा अन्यायच ना? (शार्लट)

माझ्या मते होय. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) जखमी असल्याचं कारण निवड समितीने दिलं. पण तो संघ आपल्या एसीसी कॉन्फरन्सऐवजी एसईसीचा विजेता असता, तर त्याला वगळायचं धाडस झालं नसतं. एक सामना हरलेली अलाबामा आत गेली, ती एसईसी जिंकून. पुढच्याच वर्षी प्लेऑफ १२ संघांचं झालं, तेव्हा मात्र ३ सामने हरलेल्या अलाबामाला बाजूला ठेवून एसीसीच्या एसएमयूला जागा मिळाली.