पंखाच्या चकतीत सायटोनीम का दिसत नाहीत : एक अनुभव

फळमाशीच्या अळीतून पंखाची चकती (पुढे जिच्यापासून पंख बनतो तो पेशींचा चपटा पुंजका) काढली, पेशी हिरव्या चमकल्या, पण त्यांतून निघणारे सायटोनीम, म्हणजे पेशींमध्ये संकेत पोहोचवणारे बारीक तंतू, तिन्ही खेपांना दिसले नाहीत, असे आपण लिहिले आहे. सोलापुरात एम.एस्सी.चा प्रकल्प करताना मी नेमका इथेच अडकलो होतो. चकती काढणे आपणांस जमतेच, म्हणून थेट विचारतो : ती फिक्स करण्यासाठी, म्हणजे ऊतक मारून आहे तसे टिकवण्यासाठी, फॉर्माल्डिहाइडमध्ये ठेवली होती का? माझा अंदाज आहे की अडचण तिथेच आहे.

मला लागणारा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक पुण्यात होता आणि तेथील कार्यालय केवळ फिक्स केलेलेच नमुने स्वीकारत असे. जिवंत ऊतक आणू देण्यासाठी मी तीन अर्ज दिले. एकाचेही उत्तर आले नाही. मग रात्री चकत्या फिक्स करायच्या, बर्फाच्या डब्यात घालायच्या आणि सकाळची हुतात्मा एक्सप्रेस गाठायची, असे चार महिने चालले. पडद्यावर दर वेळी चकतीची कड गुळगुळीत दिसे, आणि मी माश्यांच्या वाणाला दोष देत राहिलो. हे तंतू जेमतेम ०.२ मायक्रॉन जाडीचे असतात आणि नेहमीच्या फिक्सिंगमध्ये टिकत नाहीत. रामिरेझ-वेबर आणि कॉर्नबर्ग या संशोधकांनी १९९९ मध्ये ते फिक्स न केलेल्या चकतीतच दाखवले होते, पण त्यांच्या निबंधातला पद्धतीचा भाग मी वाचलाच नव्हता. ते चार महिने गेल्याची खंत आजही आहे.

म्हणून माझे ठाम मत असे की चकती जिवंतच पाहावी. पेशीपटलाशी जोडलेले जीएफपी (हिरवे चमकणारे प्रथिन) वापरावे, चकती माध्यमाच्या थेंबात कव्हरस्लिपखाली टांगती ठेवावी, ती दाबू नये आणि काढल्यापासून काही मिनिटांत पाहावी. आपले उपकरण मला ठाऊक नाही, त्यामुळे यशाची हमी देत नाही. मात्र तंतू दिसले नाहीत एवढ्यावरून डीपीपी हा पेशींना वाढीची सूचना देणारा प्रथिन-संकेत केवळ विसरणाने (दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप) पसरतो, असा निष्कर्ष कृपया लिहू नये. श्वासनलिकेच्या पेशींना चकतीकडून मिळणारा डीपीपी सायटोनीमच्या प्रत्यक्ष स्पर्शातून पोहोचतो, हे २०१४ मध्ये दाखवले गेले आहे. विसरणाचा वाटा किती, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

जाता जाता एक सांगतो. गॅल४ चा (माशीत जीएफपीसारखे जनुक चालू करणाऱ्या प्रथिनाचा) जोर उष्णतेने वाढतो आणि ३० अंशांच्या आसपास नर माश्या वांझ होतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे वीज गेली की माश्या वाढवण्याची २५ अंशांची पेटीही तापते. वाणाच्या दोन नळ्या वातानुकूलित खोलीत वेगळ्या ठेवाव्यात.