नवा कार्बोरेटर घेण्याआधी जुन्याचे पडदे बघा

वीसेक वर्षं जुना चेनसॉ चोकवर सुरू होतो, स्लोवर कसाबसा चालतो, पण थ्रॉटल दाबला की दम सोडतो, आणि आता कार्बोरेटरच बदलावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, लगेच बदलू नका. ही लक्षणं पेट्रोल कमी पोहोचत असल्याची आहेत, आणि ते अडायच्या जागा कार्बोरेटरच्या आधीही आहेत.

बंद पडायला लागला की टाकीचं झाकण जरा सैल करा. तेवढ्याने सुधारला तर टाकीत हवा यायचं छिद्र तुंबलंय, कार्बोरेटरचा दोष नाही. नाही सुधारला तर तारेच्या हुकाने टाकीतला फिल्टर बाहेर ओढा आणि पेट्रोलची नळी हलकेच ताणून बघा. जुन्या नळीला भेग पडते ती बहुधा टाकीच्या भिंतीतून ती आरपार जाते नेमकी तिथे, आणि ताणल्याशिवाय ती दिसत नाही. अशी नळी पेट्रोलऐवजी हवा खेचते. फिल्टर आणि नळी, दोन्ही या निमित्ताने बदलूनच टाका.

आता कार्बोरेटर. मोटारसायकलसारखा यात फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी राखणारा भाग, नसतो, कारण चेनसॉ आडवा, उलटा, कसाही धरून चालवावा लागतो. त्याचं काम दोन पातळ पडदे करतात. एक, पंपाचा पडदा, क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद पोकळीतल्या) दाबाच्या हेलकाव्यांवर हलून पेट्रोल ओढतो. दुसरा, मीटरिंगचा डायफ्राम, इंजिनाने ओढ दिली की छोटी लिव्हर दाबून पेट्रोलची वाट अडवणारी सुई उघडतो. वर्षानुवर्षं पेट्रोलमध्ये राहून, विशेषतः इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये, हे पडदे ताठरतात. मीटरिंगचा जुना पडदा काढून बोटाने दाबा: वाळक्या पानासारखा कुरकुरला तर तुमचा आजार सापडला. नवा पडदा हात लावताच निमूट वाकतो. ताठर पडदा लिव्हर पुरेशी दाबत नाही, म्हणून स्लोला भागतं आणि थ्रॉटलला उपासमार होते.

कार्बोरेटरच्या अंगावर कोरलेला नंबर वाचा. वालब्रो, झामा, टिलोटसन यांपैकी कुठल्याही कंपनीचा असो, दुरुस्तीचं किट (नवे पडदे आणि गॅस्केट) त्या नंबरावरूनच मागवायचं. चेनसॉच्या मॉडेलवरून मागवलेलं चुकू शकतं.

उघडण्याआधी एच (पूर्ण थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारा) आणि एल (स्लोचं पेट्रोल ठरवणारा) हे दोन्ही स्क्रू हलकेच आत टेकेपर्यंत फिरवा आणि किती फेरे लागले ते लिहून ठेवा. आवळून बसवू नका, टोकाला खाच पडते. मग एकेक थर काढताना फोटो घ्या. मीटरिंगच्या बाजूला आधी गॅस्केट आणि त्यावर डायफ्राम येतो. पंपाच्या बाजूला बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो. दुरुस्तीनंतर मुळीच सुरू न होणारे कितीतरी कार्बोरेटर मी फक्त हा क्रम सरळ करून चालू केलेत. पंपाखालची नखाएवढी जाळी विसरू नका. क्लीनर मारण्याआधी सगळं रबर बाहेर काढा, छिद्रांत तार घालू नका, आणि मुख्य नोझलमध्ये जोरात हवा मारू नका. काही कार्बोरेटरमध्ये तिथे एक नाजूक व्हॉल्व्ह असतो. लिव्हरची उंची त्या कार्बोरेटरच्या मॉडेलच्या मापाने ठेवा, अंदाजाने वाकवू नका.

थ्रॉटलची दांडी तिच्या भोकात सैल होऊन हलत असेल, किंवा आतलं अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं गेलं असेल, तर मात्र किटने भागत नाही. तेव्हा नवा घ्या, शक्यतो मूळ बनावटीचाच.

जोडल्यावर दोन्ही स्क्रू पूर्वीच्या फेऱ्यांवर आणा. नोंद नसेल तर सुरुवातीला एकेक फेरा. इंजिन गरम झालं की एल असा लावा की थ्रॉटल दाबताच अडखळू नये. स्लोला चेन फिरता कामा नये.

एचच्या बाबतीत कृपा करून घाई करू नका. तो आत घेत गेलं की आवाज चढतो, ताकद वाढल्यासारखी वाटते, आणि मोह होतो. पण या इंजिनाला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं; पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. असा टिपेला गेलेला एक चेनसॉ माझ्याकडे आला, तेव्हा पिस्टनवर उभे ओरखडे होते आणि सिलिंडर वाया गेला होता. लाकूड न कापता पूर्ण थ्रॉटलला आवाज किंचित फडफडता हवा, आणि लाकडात घातल्यावर तो स्वच्छ व्हायला हवा. टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजणारं यंत्र) मिळाला तर कंपनीने दिलेल्या कमाल आरपीएमच्या वर जाऊ देऊ नका.

नळी ताणून काय दिसलं आणि कार्बोरेटरवरचा नंबर काय आहे, ते इथे लिहा. किटचं पुढचं मग बघू.