पट्टी तीच, तरी सूर का जुळत नाहीत?

प्रश्न : मी डीजे म्हणून ड्रम अँड बेस, म्हणजे वेगवान ठोक्यांचे आणि खोल बेसचे इलेक्ट्रॉनिक संगीत, वाजवायला शिकतो आहे. माझ्याकडचे दोन ट्रॅक एफ मायनरमधले आहेत. एकाची गती मिनिटाला १७० ठोके आहे, तर दुसऱ्याची १७४. पहिल्याचा पिच फेडर (गती कमी-जास्त करणारी कळ) सरकवून ठोके नेमके जुळवले, सॉफ्टवेअर दोन्हींवर ४ए ही एफ मायनरचीच खूण दाखवते, तरीही दोन्ही एकत्र वाजताना बेसूर वाटतात. दोन्ही ट्रॅक १७२ वर आणूनही फरक पडला नाही. असे का होते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या कानांनी बरोबर ओळखले आहे, म्हणून प्रथम त्यांच्यावरच विश्वास ठेवावा. सॉफ्टवेअरने दाखवलेली पट्टी ही ट्रॅकच्या मूळ गतीची असते. 'की लॉक' (गती बदलली तरी सूर न बदलू देणारी सोय) बंद ठेवून गती वाढवली की तबकडी जोरात फिरवल्याप्रमाणे सूरही चढतो. १७० चे १७४ करताना गती सुमारे २.३५ टक्क्यांनी वाढते. एक अर्धस्वर चढायला साधारण ५.९५ टक्के वाढ लागते. म्हणजे आपला ट्रॅक पांढरी चारच्या वर, काळी तीनच्या दिशेने, अर्धस्वराचा जवळजवळ चाळीस टक्के भाग चढला आणि दोन पट्ट्यांच्या मध्येच अडकला. दोन्ही ट्रॅक १७२ वर आणले, तेव्हा पहिला अर्धस्वराच्या वीस टक्के चढला आणि दुसरा तितकाच उतरला, त्यामुळे दोघांमधले अंतर कायम राहिले. हे अंतर दोन मूळ गतींच्या गुणोत्तरावर ठरते. आपण त्यांना कोणत्या गतीवर भेटवता, याच्याशी त्याचा संबंध नाही.

या संगीतात ही बाब विशेष बोचते, कारण त्याचा सगळा भार खर्जातल्या बेसवर असतो. सर्वांत खालचा एफ सुमारे ४३.७ हर्ट्झचा धरला, तर चढलेल्या ट्रॅकमधला तोच सूर ४४.७ वर जातो, आणि दोन्ही एकत्र वाजले की आवाज साधारण सेकंदाला एकदा फुगतो व खचतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित उतरलेल्या असल्या की जो हेलकावा ऐकू येतो, तोच हा. फक्त मोठ्या स्पीकरवर तो छातीत जाणवतो.

उपाय सोपा आहे. पहिल्या ट्रॅकवर की लॉक लावावा. काही डेकवर त्याला मास्टर टेम्पो म्हणतात. दोन-अडीच टक्क्यांच्या बदलात ध्वनी फारसा बिघडत नाही, मात्र स्नेअर ड्रमचा ठोका बोथट झाला का, हे हेडफोनवर तपासावे. की लॉक नको असेल, तर गणित आधीच मांडावे : १६४ गतीचा ई मायनरमधला ट्रॅक १७४ वर नेला की तो जवळजवळ पूर्ण एक अर्धस्वर चढून एफ मायनरमध्ये येतो. मला ही दुसरी रीत अधिक आवडते, कारण तीत ठोक्यांचा कडकपणा शाबूत राहतो.

पट्टी खरोखर जुळल्यावरच कॅमलॉट चक्राचा, म्हणजे पट्ट्यांना ४ए सारख्या खुणा देऊन जुळणाऱ्या पट्ट्या शेजारी मांडणाऱ्या तक्त्याचा, उपयोग होतो. ४ए च्या शेजारचे ३ए आणि ५ए, म्हणजे बी फ्लॅट मायनर आणि सी मायनर, हे षड्ज-मध्यम आणि षड्ज-पंचम नात्याने जोडलेले असून त्यांचे सातांपैकी सहा स्वर समान असतात. असे असले तरी दोन बेस एकाच वेळी वाजू देऊ नयेत. नव्या ट्रॅकचा लो नॉब (खर्जाचा आवाज कमी-जास्त करणारी कळ) बंद ठेवून तो ट्रॅक आत घ्यावा आणि चार-चार ठोक्यांचे सोळा बार पुरे होताच, १७४ च्या गतीला म्हणजे सुमारे २२ सेकंदांनी, एकाचा लो काढून दुसऱ्याचा उघडावा. प्रारंभी नुसते ड्रम असतील, तर तेवढ्या भागापुरती पट्टीची चिंता करण्याचे कारण नाही. दोन्ही ट्रॅकचे ड्रॉप, म्हणजे बेस आणि ड्रम पूर्ण जोराने सुरू होण्याच्या जागा, एकाच क्षणी आणायचे असतील, तेव्हा मात्र तिच्याबाबत तडजोड करू नये.

प्रश्न : सॉफ्टवेअर काही ट्रॅकची गती ८७ दाखवते. ट्रॅक सदोष आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. सॉफ्टवेअरने १७४ च्या निम्मी गती मोजली आहे. सॉफ्टवेअरच्या ग्रिडमध्ये (ठोक्यांच्या खुणांच्या आखणीत) ती दुप्पट करून घ्यावी. हेच नाते ध्यानात ठेवले, तर ८७ गतीच्या हिप-हॉपमधून ड्रम अँड बेसमध्ये फेडर न हलवता जाता येते, आणि गती बदलत नसल्याने तिथे सॉफ्टवेअरने दाखवलेली पट्टी जशीच्या तशी धरून चालता येते.