तक्रारींच्या ऑफिसात गेलं की सगळ्यांशी वैरच ना?

लोकायुक्त, माहिती आयोग, सेवा हक्क आयोग, एखाद्या खात्याची दक्षता शाखा. अशी नावं घेऊन माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला येणारी मुलं थोडीच. बाकीच्यांना फौजदार व्हायचं असतं, नाहीतर राज्यकर निरीक्षक. जी येतात त्यांची धास्ती मात्र ठरलेली असते: दुसऱ्यांच्या चुका काढायच्या नोकरीत आपल्याला सुखानं राहू देतील का?

सायली (नाव बदललंय, तपशीलही थोडे हलवलेत) लातूरकडची. राज्यशास्त्रात बी.ए. केलं, आता पुण्यात कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांचं पेन्शन प्रकरण टेबलाटेबलावर रखडलं आणि वर लेखी तक्रार गेल्यावरच हललं. तेव्हापासून हिच्या डोक्यात हे बसलेलं. घरात मामांचा शब्द चालतो, आणि मामांचं म्हणणं, ‘पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? शिवाय ती साइड पोस्टिंग. जन्मभर लोकांची रडगाणी ऐकायची.’

मी तिला म्हटलं, वैर धरायला हातात काही तरी लागतं. आधी तुझ्या हातात काय असेल ते बघू.

महाराष्ट्राचा लोकायुक्त कायदा १९७१ चा. त्यानुसार मंत्री-अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी होते आणि सक्षम प्राधिकाऱ्याला शिफारस जाते. कारवाई समाधानकारक वाटली नाही तर राज्यपालांना विशेष अहवाल, आणि तो विधिमंडळासमोर. मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत आणणारं नवं विधेयक विधानसभेत डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेत त्यानंतर वर्षभरानं मंजूर झालं, त्याच्या बातम्या तिनं वाचल्या होत्या. माहिती आयोगाला त्यामानानं दात आहेत: माहिती द्यायला उशीर केला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड. पण तो आयुक्त लावतात, कार्यासनावरचा सहायक लावत नाही. सहायक काय करतो? टपाल आवक नोंदवतो, नस्ती (म्हणजे फाइल) उघडतो, खात्याचे अभिप्राय मागवतो, आले नाहीत तर स्मरणपत्र, तरी नाही तर आणखी एक. मग टिपणी लिहून वर पाठवतो. आदेशावर सही दुसऱ्याची असते. यात वैर कोण कोणाशी धरणार? क्वचित एखादा फोन येतो, कपाळावर आठ्या पडतात, एवढंच.

माणसं दमतात ती वेगळ्याच गोष्टीनं. महिनोन्महिने नस्ती सांभाळायची, आणि शेवटी निघते ती शिफारस. ती मानली जाईल की नाही, हे आपल्या हातात नाही. न्याय करायला निघालेल्या मुलांना हे फार झोंबतं. सायलीला झोंबेल का, हे बघायला मी तिच्यापुढे चार पानी अर्ज ठेवला. असे अर्ज मी मुलांसाठी स्वतःच रचते. शेतकऱ्याची तलाठ्याविरुद्ध तक्रार. पहिली दोन पानं तलाठ्याचा उद्धटपणा, ग्रामसेवकाची मग्रुरी, पुतण्याच्या लग्नातला मानापमान. तिसऱ्या पानावर, खाडाखोडीत, फेरफारासाठी (म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलासाठी) अर्ज दिल्याची तारीख. म्हटलं, यावर एक पान टिपणी लिही.

पहिलं वाक्य आलं: ‘सदर अर्जदारावर घोर अन्याय झाला असून...’

मी पेन उचललं. अन्याय झाला हे कोणी ठरवलं? तू एकच बाजू वाचलीस. ‘घोर’ तर टिपणीत कुठेच बसत नाही.

दुसऱ्या खेपेला तिनं चौकट आखली: अर्ज कधी, कोणाकडे, मागणी काय, सोबत कोणती कागदपत्रं, कोणती नाहीत. आणि मी मुद्दाम पेरलेलं वाक्यही तिनं हेरलं. भावानं फेरफारावर हरकत घेतली होती. म्हणजे नोंद विवादग्रस्त झाली, आता आधी हरकतीची सुनावणी; आणि नोंद प्रमाणित करणं तसंही तलाठ्याच्या अखत्यारीत नसतंच.

‘मग तलाठ्याची चूकच नाही, मॅडम?’ तिचा चेहरा पडला होता. तलाठ्याला धरायचं तिनं मनात पक्कं केलं होतं.

‘“प्रथमदर्शनी दिसून येत नाही” असं लिहायचं. आणि हरकतीची सुनावणी कधी झाली ते विचारायचं. खरा उशीर तिथे असू शकतो.’

तिनं ते लिहून घेतलं, आणि पुढच्या वेळी आणखी अर्ज मागितले. माझ्या दृष्टीनं कल तिथेच कळला. ज्यांना हे काम सोसत नाही ती मुलं दुसरा अर्ज मागत नाहीत.

राहिला प्रवेशाचा प्रश्न. अशा कार्यालयांत पदवीधरांसाठी दरवर्षी स्वतंत्र मोठी जाहिरात निघेल, या आशेवर बसू नये. लाचलुचपत प्रतिबंधक विभागात पोलीस दलातले लोक प्रतिनियुक्तीवर येतात. मंत्रालयाच्या वाटेनं जायचं तर एमपीएससीतून सहायक कक्ष अधिकारी; पुढे कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी शिडी आहे, म्हणून ‘साइड पोस्टिंग’ची भीती मला फारशी पटत नाही. कोणत्याही विभागात नस्तीच हाताळायच्या असतात. (२००५ च्या बदल्यांच्या कायद्यातच लिहिलंय की नस्ती एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. मंत्रालयात हेलपाटे घातलेल्यांनी हसू नये.) स्वतःची छोटी आस्थापना असलेल्या आयोगात मात्र वरची पदंच मोजकी, तिथे बढतीची वाट लांबते. हे मामांना सांगायला हरकत नाही. लेखापरीक्षणाची आवड असेल तर केंद्राची सीजीएल ही पदवीधरांसाठीची परीक्षा आहे. महालेखापाल कार्यालयं मुंबईतही आहेत आणि नागपुरातही. सायलीनं तो अर्ज भरलाय, कारण एकाच परीक्षेवर सगळी वर्षं लावणं मला मान्य नाही आणि तिलाही आता नाही.

नेमकी पदं आणि सेवाप्रवेश नियम क्लासच्या सरांना विचारण्यापेक्षा कार्यालयालाच विचारावेत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली प्रत्येक कार्यालयानं स्वतःबद्दलच्या १७ बाबी आपणहून जाहीर करायच्या असतात. अधिकारी-कर्मचाऱ्यांची कर्तव्यं त्यातच येतात. जे तिथे नसेल त्यासाठी १० रुपयांचा अर्ज. सायलीनं एका कार्यालयाकडे सेवाप्रवेश नियम आणि रिक्त पदं मागितली. नियम आले, रिक्त पदांचा रकाना कोरा. पहिलं अपील तिनं स्वतःच लिहिलं आणि मला फक्त वाचायला पाठवलं: एक पान, तारखा जागच्या जागी, विशेषण एकही नाही.