विचारा की! – माटिचची जर्सी कुठं मिळंल?

प्रश्न: सर, मी सर्बियाचा फुटबॉलर नेमान्या माटिचचा जुना फॅन. खडेबाजारात त्याच्या नावाची जर्सी मागितली तर दुकानदार म्हणतो, हा कोण? पोग्बा आहे, मेस्सी आहे, घ्या. लेले ग्राउंडवर पोरं पण चेष्टा करतात. मागं राहून खेळणाऱ्याला कोण विचारतच नाही काय? – एक वाचक, टिळकवाडी

उत्तर: दुकानदाराचं काय चुकलं रे भावा, जे खपतंय तेच तो ठेवणार की. पण मागं राहून खेळणाऱ्याला कोण विचारत नाही हे तुझं मला पटलं नाही. फ्रान्सचा कान्ते बघ. 2016-17 ला इंग्लंडच्या चेल्सी क्लबात तो आणि माटिच शेजारी शेजारी खेळायचे, काम जवळपास तेच, समोरच्याचा बॉल काढायचा आणि आपल्या माणसाला द्यायचा, टीमनं लीग मारली आणि प्लेअर ऑफ द इयर झाला कान्ते. बरं, माटिच लहान देशाचा म्हणून मागं पडला म्हणावं तर मॉड्रिच क्रोएशियाचाच की, लोकसंख्या सर्बियापेक्षा कमी, तरी 2018 चा बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या बेस्ट प्लेअरचा मान, त्यालाच.

मला विचारशील तर सगळा खेळ वर्ल्ड कपचा. आपल्याकडं चार वर्षांतनं एकदा गल्लीत झेंडे लागतात तेव्हा जो टीव्हीवर दिसतो तोच हिरो. 2018 ला कान्तेनं कप उचलला, मॉड्रिच फायनल खेळला, आणि सर्बिया कोस्टा रिकाला हरवून मग स्वित्झर्लंड, ब्राझीलकडनं मार खाऊन ग्रुपमधनंच घरी. 2014 ला तर क्वालिफायच नव्हते झाले. मग माटिच लोकांना दिसणार कधी?

कोचला मात्र दिसला. चेल्सीनं 2011 ला डेव्हिड लुईझच्या सौद्यात त्याला पोर्तुगालच्या बेनफिकाला देऊन टाकलं होतं, कोच मोरिन्योनं जानेवारी 2014 ला 2 कोटी 10 लाख पौंड मोजून परत आणला, पुढं 2017 ला मँचेस्टर युनायटेडला नेला, 2022 ला इटलीच्या रोमाला. एकच कोच तीन वेळा एकाच माणसाला बोलावतोय म्हणजे बघ.

इंग्लंडात तो सगळ्यांचा लाडका झाला नाही त्याला अजून एक कारण आहे. 2018 च्या नोव्हेंबरात सैनिकांच्या आठवणीचं लाल फूल त्यानं शर्टावर लावलं नाही, कारण 1999 ला नाटोचे बॉम्ब त्याच्या व्रेलो गावावर पडले होते. त्यावरनं शिव्या खाल्ल्या पण त्यानं माघार घेतली नाही.

चेष्टा करणाऱ्यांना एप्रिल 2017 चा वेम्बलीवरचा गोल दाखव, इंग्लंडातल्या एफए कपची सेमीफायनल, चेल्सीसमोर टॉटनहॅम. बॉक्सच्या बाहेरनं डाव्या पायानं असा हाणलाय की बॉल थेट वरच्या कोपऱ्यात, 4-2, मॅच खलास.

आणि जर्सी कोरी घे, नाव छापून घे. चेल्सीची असंल तर 21, युनायटेडची 31. स्पेलिंग तेवढं कागदावर लिहून ने, न्हाईतर तो मागं मॅट्रिक छापून देईल.