पोळपाट की टाळ?

प्रश्न: ताई, माझं वय ६१. सात महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला, उजवा हात अजून नीट चालत नाही. घरी ऑक्युपेशनल थेरपीला, म्हणजे रोजची कामं परत जमावीत म्हणून सराव करून घ्यायला, एक मुलगी येते, गोड आहे, पण बोलते सगळं आमच्या ह्यांच्याशी. पहिल्याच दिवशी ह्यांनी सांगून टाकलं की हिला पोळ्या लाटता आल्या की झालं, तेव्हापासून रोज कणकेचा गोळा नि लाटणं. मला खरं तर भजनी मंडळात परत टाळ वाजवायचेत आणि बँकेत अंगठा नाही, सही करायचीय. हे मागणं जास्तीचं आहे का?

उत्तर: अहो काकू, जास्तीचं कसलं! पण बाईचं बरं होणं स्वयंपाकघरावरून मोजायची ही खोड आमच्या फील्डचीच जुनी आहे बरं का. लॉटन आणि ब्रॉडी यांची १९६९ची एक स्केल आहे, पेशंट रोजचे व्यवहार किती सांभाळतो ते बघायची, अजून सर्रास वापरतात. त्यात फोन, औषधं, पैसे असे ८ मुद्दे, आणि पूर्वी बायकांना आठही लागू पण पुरुषांना फक्त ५, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं वगळून. म्हणजे त्यांना वरणभात जमला नाही तरी ते ठणठणीत, आणि आपले मार्क कट!

तुमच्या थेरपिस्टवर मात्र लगेच रागावू नका. फी हे देतात, दार हे उघडतात, मग ती पोरगी कुणाचं ऐकणार. ह्या कामात बायका खूप आणि सगळ्यांनी गोडच असावं ही अपेक्षा, मलाही सुरुवातीला नातेवाईक "सिस्टर, जरा पाणी आणा" म्हणायचे आणि मी आणायचे पण.

पुढच्या वेळी ह्यांना दहा मिनिटं भाजी आणायला पाठवा. आणि तिला म्हणा, सीओपीएम करूया. कॅनडातली पद्धत आहे, तिला माहीत असेल, त्यात कुठलं काम महत्त्वाचं, किती जमतं, त्यावर समाधान किती, ह्याचे १ ते १० मार्क पेशंट स्वतः देतो, नवरा नाही. पोळ्या तुम्हालाच हव्या असतील तर त्याही लिहा, त्यात काही कमीपणा नाही, पण नंबर तुमचा तुम्ही लावा.

आणि टाळ काढून ठेवा. दोरी बोटांतून निसटत असेल तर फोम गुंडाळून जाड करता येईल का, ते तिला विचारा. सहीसाठी पेनलाही तेच विचारा.