आधी बाहेर यायला शीक

प्रिय पोरी,

तुझं पत्र आलं आणि तीन कोर्सची माहितीपत्रकंही. त्यांतल्या दोन पत्रकांवर जवळजवळ एकच फोटो आहे: गंजक्या दारातून एक डायव्हर आत शिरतोय, हातात टॉर्च, मागे निळा उजेड. फोटो छान. मी मात्र त्यात डायव्हरच्या मागे परतीची वाट दाखवणारी दोरी शोधत बसलो. दोन्हींत नाही. तिसऱ्यावर फोटोच नाही, नुसता दाटीवाटीचा मजकूर आहे, आणि तो तू एका ओळीत उडवून लावलायस. त्याच्याकडे शेवटी येतो.

'बुडालेल्या जहाजाच्या आत जायचंय, कुठला कोर्स घेऊ?' असं विचारलंयस. आधी 'आत' म्हणजे कुठपर्यंत, ते ठरव. जहाजाभोवती बाहेरून पोहणं वेगळं. आत शिरणं, पण ज्या दारातून शिरलो त्याचा उजेड सतत नजरेत ठेवणं, हे वेगळं. आणि तो उजेड दिसेनासा होतो त्याच्या पलीकडचे जिने, बोळ, इंजिनरूम, हे तर पूर्णच वेगळं. जाहिरातीत तिन्ही एकाच नावाखाली खपतात. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा 'रेक डायव्हर' (रेक म्हणजे बुडालेलं जहाज) कोर्स चार डाइव्हचा असतो आणि त्यात आत जायची मुभा दुसऱ्या प्रकारापुरतीच: उजेडाच्या टप्प्यात, आणि पाण्याच्या पृष्ठभागापासूनची खोली अधिक आतलं अंतर मिळून ४० मीटरच्या आत. म्हणजे दार ३० मीटरवर असेल तर आत जायला उरले दहा. कोर्स झाल्याचं कार्ड खिशात आलं की इंजिनरूमची किल्ली मिळाली असं समजणारे मी पुष्कळ पाहिलेत. दोष कोर्सचा नाही, मर्यादा पुस्तकात स्पष्ट छापलेली आहे. तिसऱ्या प्रकारासाठी टेक्निकल डायव्हिंगवाल्यांचे कोर्स असतात, टीडीआय या संस्थेचा 'ॲडव्हान्स्ड रेक' त्या जातीचा. तुला खरं तर तो हवाय, आणि तुझ्या लॉगबुकात आज २६ डाइव्ह आहेत. तेव्हा हे पत्र लांबणार.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या 'की लार्गो' बेटाजवळ 'स्पिगल ग्रोव्ह' नावाचं नौदलाचं जुनं जहाज २००२ साली मुद्दाम बुडवलं. मासे यावेत, डायव्हर यावेत म्हणून. बुडवण्याआधी ते साफही केलं होतं. मार्च २००७ मध्ये चौघं मित्र तिथं उतरले, बरेच आत गेले, आणि त्यांतले तिघं मेले. नवखे नव्हते. आतून बाहेरपर्यंत सलग दोरी टाकली नव्हती, एवढंच. 'डायव्हर्ससाठी तयार केलेलं जहाज आहे, तिथं काय होणार' असं तुला कुणी सांगितलं तर ही तारीख आठव.

सलग दोरीचं हे शहाणपण जहाजांतून आलेलं नाही, पाण्याखालच्या गुहांतून आलंय. शेक एक्सली नावाच्या गुहा-डायव्हरने १९७०च्या दशकात अपघातांची कारणं तपासली तेव्हा तीच तीच पुढे आली. बाहेरपर्यंत सलग दोरी नव्हती, परतीपुरती हवा राखली नव्हती, किंवा नको तितके खोल गेले होते. पुढे त्यात पुरेशा टॉर्च आणि योग्य प्रशिक्षण यांची भर पडली. आजही अंधारात न्यायचा कुठलाही कोर्स याच पायावर उभा असतो.

पण जहाज म्हणजे गुहा नव्हे. १९९२ साली न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे ७० मीटर खोल, एका जर्मन पाणबुडीत एक बाप-लेक उतरले. ती यू-८६९ आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, ओळख पटली १९९७ मध्ये. दोघंही गुहांमधले नावाजलेले डायव्हर होते. मुलगा आत असताना सामान त्याच्यावर कोसळलं, गाळ उठला. बापाने त्याला सोडवलं. पण तोवर वेळ आणि हवा दोन्ही गेली होती. बाहेर ठेवलेले सिलिंडर त्यांना सापडले नाहीत आणि डीकम्प्रेशनचे थांबे, म्हणजे शरीरात विरघळलेला वायू हळूहळू निघून जावा म्हणून वर येताना घ्यायचे थांबे, न घेता दोघं थेट वर आले. दोघंही गेले. खडक शेकडो वर्षं आहे तिथं राहतो. पत्रा दर हंगामात बदलतो. आपणच सोडलेले बुडबुडे छताला लागले की वरून गंजाचा पाऊस पडतो. ज्या गंजाला हातही लावला नाही तो तुझ्या श्वासाने सुटतो. छतातून तारांची जाळी लोंबत असते. कडा इतक्या धारदार की ताणलेली दोरी घासून तुटते.

शिवाय जहाज सरळ बसलेलं असेलच असं नाही. सायप्रसमध्ये लार्नाकाजवळ 'झिनोबिया' १९८० पासून डाव्या कुशीवर पडलंय, शंभराहून अधिक ट्रक पोटात घेऊन. तिथं जमीन म्हणजे भिंत, दार म्हणजे पायाखालचं भोक, आणि जिना आडवा. मान वाकडी करून नकाशा वाचायचा. चांगला मास्तर हे वर्गातच करवून घेतो. जहाजाचा आराखडा देतो, कागद नव्वद अंशांत फिरवतो, आणि म्हणतो, आता जेवणघरातून डेकवर ये.

माझीच एक गोष्ट सांगतो. जहाजाचं नाव राहू दे. पहिला कोर्स मी स्वच्छ पाण्यात, वाळूच्या तळावर केला. दगडाला दोरी बांधली, रील म्हणजे दोरीची फिरकी सोडत गेलो, गुंडाळत परत आलो, हात मिळवला, कार्ड घेतलं. मास्तर फार गोड माणूस. आठ महिन्यांनी एका मालकोठारातून शेजारच्या खणात गेलो, फिनचं टोक गाळाला लागलं, आणि क्षणात टॉर्चचा उजेड माझ्याच मनगटाशी संपला. दोरी हातात होती म्हणून मी निर्धास्त होतो. ती धरून निघालो, आणि हात जिथं गेला तिथं खांदा जाईना. मी दोरी एकाच ठिकाणी बांधली होती, मधे कुठंही अडकवली नव्हती. ती सैल पडून दोन पत्र्यांच्या फटीत सरकली होती. दोरी बाहेर गेली होती, माणूस जाऊ शकत नव्हता. याला लाइन ट्रॅप म्हणतात, हे मला नंतर कळलं. दोरी न सोडता दुसऱ्या हाताने चाचपडत दार शोधलं. आत जायला एक मिनिट लागलं होतं, बाहेर यायला सहा. बोटीवर चढलो तेव्हा सिलिंडरच्या दाबाचा काटा २० बारवर होता, म्हणजे हवा संपतच आली होती. त्या संध्याकाळी मला मास्तरांचा राग आला नाही. खूप वर्षांनी, मी स्वतः शिकवायला लागल्यावर आला.

म्हणून कोर्स आत किती नेणार, हे विचारूच नकोस. डोळे झाकून किती वेळा बाहेर काढणार, ते विचार. पाण्यात उतरण्याआधी जमिनीवर दोरीचा सराव होतो का? झाडं, खुर्च्या, रेलिंग, काहीही चालतं. डोळ्यांवर पट्टी, मागच्याचा हात पुढच्याच्या दंडावर, बोलायचं नाही, नुसत्या स्पर्शाच्या खुणा: पुढे चल, थांब, मागे फिर. मग तेच पाण्यात, मास्क झाकून. मग तेच दोघांनी एकाच्या सिलिंडरमधली हवा वाटून घेत. मग हातातून दोरी काढून घेतात आणि ती शोधायला लावतात. हे सगळं आधी उघड्या पाण्यात व्हायला हवं, जहाजात नंतर. ज्या कोर्समध्ये पहिल्याच दिवशी आत नेतात तो मास्तर तुला फिरवून आणतोय, शिकवत नाहीये.

कोर्सवर कुठल्या संस्थेचा शिक्का आहे यावर तू पत्राचं अर्धं पान खर्च केलंयस. शिक्का कमीत कमी काय शिकवायचं ते ठरवतो. जास्तीत जास्त किती शिकवायचं ते माणूस ठरवतो. त्या माणसाला सरळ विचार: शिकवण्यासाठी नव्हे, स्वतःसाठी जहाजाच्या आत शेवटचं कधी गेला होतात? शेवटचं कुणाला नापास केलंत, आणि कशावरून? 'आमच्याकडे सगळे पास होतात' असं हसत उत्तर आलं की आभार मानून निघ. एका वेळी आत किती विद्यार्थी नेता? माझ्या मते दोन, तिसरा आला की कुणीतरी नजरेआड होतोच. आणि कोर्सला घेण्याआधी माझ्याबरोबर एक साधा डाइव्ह कराल का? हा प्रश्न त्याने तुला आधी विचारला तर माझे निम्मे प्रश्न बाद.

हवेचा हिशेब मात्र स्वतः करून बघ, कोर्सची वाट पाहू नकोस. १२ लिटरचं सिलिंडर, २०० बार, म्हणजे २४०० लिटर हवा. पाण्याबाहेर तू मिनिटाला २० लिटर घेतेस असं धरू. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणजे मिनिटाला ८०. एक तृतीयांशाच्या नियमाने ८०० लिटर आत जायला, ८०० बाहेर यायला, ८०० जोडीदारासाठी. आत जायला दहा मिनिटं लागली. आता अगदी टोकाला जोडीदाराची हवा बंद पडली. तुझ्याकडे १६०० उरलेत आणि दोघांना मिळून मिनिटाला १६० लागतात: बरोबर दहा मिनिटं. कागदावर जमलं. पण घाबरलेला माणूस दुप्पट श्वास घेतो. मग ३२० लागतात, आणि १६०० लिटर पाच मिनिटांत संपतात. त्यात गाळ उठलेला असेल तर परतीला दहाची वीस मिनिटं होतात. म्हणजे एक तृतीयांशाचा नियम शांत माणसांसाठी, स्वच्छ पाण्यात, कसाबसा पुरतो. नवख्याने त्याहून कितीतरी लवकर फिरायचं. जो मास्तर हा हिशेब तुझ्या स्वतःच्या श्वासाचा वेग मोजून करून घेत नाही, त्याच्याबरोबर उजेडापलीकडे जाऊ नकोस. आणि एकाच सिलिंडरवर उजेडापलीकडे नेणारा तर दारातच सोड. दोन सिलिंडर, दोन स्वतंत्र रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र), त्यांतल्या एकाची नळी साधारण २ मीटर लांब. का लांब? हवा वाटून घेताना अरुंद बोळातून दोघांना शेजारी-शेजारी जाता येत नाही, एकामागे एक यावं लागतं. टॉर्च तीन, दोरी कापायची साधनं दोन, आणि ती दोन्ही हातांनी काढता येतील अशा जागी.

याआधी काय, तर कंटाळवाणी कामं. फ्रॉग किक (गाळ न उठवता बेडकासारखे पाय मारणं), उलटं पोहणं, जागच्या जागी वळणं. गाळाच्या वीतभर वर तरंगत राहा, मास्क काढ, घाल, रीलची गाठ सोडव, आणि खाली बघ. गाळावर खूण उठली असेल तर अजून वेळ आहे. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनवाली हवा) आणि खोल डाइव्हचा 'डीप' हे कोर्स, मग तो चार डाइव्हचा कोर्स, मग ट्विनसेटची, म्हणजे पाठीवरच्या जोड सिलिंडरची ओळख. दीड-दोन वर्षं सहज जातील. मधे कॅव्हर्नचा, म्हणजे गुहेच्या तोंडाजवळच्या उजेडातल्या भागाचा कोर्स मिळाला तर जरूर घे. दोरी हाताळायला त्याइतकं चांगलं कुठं शिकवत नाहीत. फक्त त्यावरून जहाज कळलं असं समजू नकोस, त्या बाप-लेकांना गुहा कळत होत्या.

अजून एक, हे थोडं माझं खूळ समज. मास्तरच्या भिंतीवर जहाजातून काढून आणलेल्या खिडक्या, बशा, घंटा टांगलेल्या असतील तर मी तिथं शिकणार नाही. कायद्याचा भाग आहेच: युद्धातली कित्येक जहाजं कबरी आहेत, ब्रिटनने १९८६ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि युनेस्कोच्या २००१च्या करारात पाण्याखालचा वारसा शक्यतो आहे तिथंच राहू द्यावा असं म्हटलंय. पण माझं कारण जास्त व्यवहारी आहे. 'आंद्रेआ डोरिया' हे १९५६ साली बुडालेलं प्रवासी जहाज ७० मीटरहून खोल आहे. तिथं चिनी मातीच्या बशांसाठी माणसं उतरली आणि त्यांतली काही परत आली नाहीत. हातात काही न्यायचं असलं की माणूस काट्याकडे बघत नाही. मास्तरचं लक्ष वस्तूंवर असेल तर शिष्याचंही तिकडेच जातं.

आता तुझी तीन पत्रकं. पहिलं 'दोन दिवसांत इंजिनरूमपर्यंत' म्हणतंय, ते फेकून दे. दुसरं वाईट नाही, पण तो उजेडातलाच कोर्स आहे आणि फोटो अंधारातला लावलाय, हे मला आवडलं नाही. तरी तिथला माणूस बरा निघाला तर पहिली पायरी म्हणून चालेल. तिसरं पुन्हा वाच. त्यात पाचव्या ओळीत लिहिलंय की आधी एक दिवस तुमच्याबरोबर पाण्यात उतरू, मग घ्यायचं की नाही ते सांगू, आणि शुल्क कार्डाचं नाही, शिकवण्याचं आहे. तू याला 'उद्धट' म्हणालीस. त्या माणसाला पत्र टाक. २६ डाइव्ह झालेत हे लपवू नकोस. तो 'वर्षभराने या' म्हणेल, तर या वर्षात काय करू, ते त्यालाच विचार. त्याचं उत्तर मला पाठव.

तोवर एक काम. घरात बैठकीपासून मागच्या दारापर्यंत सुतळी बांध, खुर्च्यांच्या पायांतून, टेबलाखालून, दर दोन-तीन हातांवर एक वेढा घेऊन. रात्री दिवे घालव, डोळ्यांवर पट्टी बांध, एका हाताच्या अंगठ्याची आणि बोटाची कडी करून सुतळीभोवती सैल धर आणि बाहेर ये. दुसऱ्या दिवशी कुणालातरी तुझ्या नकळत एक वेढा सोडायला सांग आणि पुन्हा ये. दोन्ही वेळा किती मिनिटं लागली आणि कुठल्या खुर्चीपाशी अडकलीस, ते लिही.

तुझा,
जुना मास्तर